समेच्या नंतरचा फोटो

“फोटो छान आलाय, पण सम निघून गेलीये.” कथक करणारी मुलगी आज माझ्या कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे एक नजर टाकून म्हणाली.

खरंच, सम (तालाची पहिली मात्रा) सरून खांदे सैल पडले होते. बघणाऱ्याला कळणार नाही, नाचणाऱ्याला लगेच कळतं.

तिहाईत, म्हणजे तीनदा येणाऱ्या एकाच बोलात, शेवटचा तिसरा ‘धा’ समेवर पडतो. तो ऐकून बटण दाबलं की उशीर झालाच. पहिल्या दोन ‘धा’वरून अंदाज बांधून किंचित आधी दाबायचं, शटर १/५०० सेकंदाच्या पुढे, म्हणजे आणखी वेगवान. चक्कर मात्र १/३० ला घ्यावी: मान दर फेरीत क्षणभर समोर थांबते, म्हणून चेहरा बऱ्यापैकी ओळखू येतो आणि कपड्यांचा घेर धूसर होऊन पसरतो. (सायलेंट शटर नकोच, एलईडी दिव्यांखाली फोटोत पट्टे येऊ शकतात.)

धडाधड बर्स्ट (सलग फोटो) मारून सम सापडते, हे काही मला पटत नाही. तुम्ही मात्रा मोजता का?