पिशवीतले केस

दादर पश्चिमेला गेली सतरा वर्षे मी केस कापण्याचे काम करते, पण गिऱ्हाइकाने गळलेले केस पिशवीत भरून आणल्याचा प्रसंग माझ्यावर एकदाच आला. गेल्या जुलैतल्या एका पावसाळी दुपारी लालबागहून एक काकू लेकीला घेऊन आल्या आणि खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी ती पिशवी माझ्यापुढे ठेवली.

"ताई, हिने स्ट्रेटनिंग बंद केल्याला आठ महिने झाले आणि तेव्हापासून केस मुठीमुठीने गळताहेत. पुन्हा करून टाका एकदा, निदान आहेत तेवढे तरी राहतील."

मी ते केस पांढऱ्या टॉवेलवर पसरून दिव्याखाली धरले. मुळापासून गळलेल्या केसाच्या एका टोकाला पांढुरकी, टाचणीच्या टोकाएवढी गाठ असते. इथे मोजक्याच केसांना ती होती. बाकीचे सगळे सरळसोट होते, आणि आठ महिन्यांत उगवलेला कुरळा भाग त्यांत औषधालाही नव्हता. याचा अर्थ केस गळत नव्हते, तुटत होते, आणि तेही नेमके एकाच जागी.

ती जागा म्हणजे जुन्या-नव्या केसांचा सांधा. मुलीच्या डोक्यावर कुरळा भाग चार बोटे दिसत होता, पण बट ओढून धरली की तो दहा सेंटीमीटर भरला. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे हिशेब बरोबर जुळत होता. स्ट्रेटनिंगचे थायोग्लायकोलेट हे रसायन केसातल्या केराटीन या प्रथिनाचे गंधकाचे बंध तोडते आणि नंतरचे न्यूट्रलायझर ते सरळ आकारात पुन्हा जोडते. सगळे बंध मात्र परत जुळत नाहीत, म्हणून केस कायमचा अशक्त होतो. 'परमनंट' हा शब्द त्या केसापुरताच खरा असतो, मुळाशी येणारा केस आपल्या वळणानेच येतो, हे पैसे घेताना आमच्या धंद्यात फारसे कोणी सांगत नाही. (मीही सुरुवातीची काही वर्षे सांगत नसे.) काकू मायेपोटी रोज बारीक दातांच्या कंगव्याने केस मुळापासून खाली ओढून विंचरत होत्या आणि सगळा ताण त्या सांध्यावरच येत होता.

काकूंची खात्री पटावी म्हणून मी एक केस ओला करून हळूच ताणला. कुरळा भाग ताणला जाऊन पुन्हा आखडला; सरळ भाग च्युइंगमसारखा लांबत गेला आणि तुटला. अशा केसावर पुन्हा रसायन लावणार नाही, दुप्पट पैसे दिलेत तरी नाही, असे मी स्पष्ट सांगितले.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रिया ज्या रिलॅक्सरने केस सरळ करतात, त्यातले सोडियम हायड्रॉक्साइड याहूनही जहाल असते. ते सोडून नैसर्गिक केसांकडे वळताना काही जणी सरळ भाग एकदम कापून टाकतात, त्याला 'बिग चॉप' म्हणतात. बाकीच्या महिनोन् महिने थोडा थोडा कापत जातात. मी दोन्ही मार्ग सांगितले. मुलगी पहिल्याला तयार होती, पण काकूंच्या डोळ्यांत पाणी आले. "डिसेंबरात लग्न आहे हो. गजरा कुठे माळायचा?"

शेवटी मधला मार्ग निघाला. केस खांद्यापर्यंत कापले. दर दोन महिन्यांनी सरळ भाग दोन बोटे कमी करायचा ठरला. विंचरायचे ते कंडिशनर लावलेल्या ओल्या केसांत, रुंद दातांच्या कंगव्याने, टोकांकडून वर जात. शेवटची सूचना काकूंनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली, मग कंगवा हातात घेऊन लेकीच्या एका बटेवर करून पाहिली आणि म्हणाल्या, "इतकी वर्षे उलटंच करत होते की मी."

पुढची वेळ गणपतीनंतरची ठरली. जाताना काकूंनी टॉवेलवरचे केस गोळा करून पुन्हा पिशवीत भरले. घरी तिच्या बाबांनाही दाखवायचे होते.