पायाला बांधलेली मोटर आणि चौऱ्याऐंशी

पुण्यात तपकीर गल्लीत, म्हणजे आपल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन "सगळ्यात छोटी व्हायब्रेटर मोटर द्या, पायाला बांधायचीये" असं एकदा म्हणून बघा, मग कळेल माणसं कशी बघतात ते. दुकानदाराने आधी माझ्या चपलांकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि शांतपणे विचारलं, "कुठल्या परीक्षेला बसताय?" आता माझं वय ४३, डोक्यावर केस मोजण्याइतके, मी कसली परीक्षा देणार. पण त्याचंही चुकीचं नव्हतं म्हणा, २०२१ ला राजस्थानात शिक्षक पात्रता परीक्षेला चपलेत ब्लूटूथ लपवून आलेले लोक पकडले होते, तेव्हापासून चप्पल आणि सर्किट एकत्र आलं की डोक्यात तेच येतं. म्हणलं नाही हो, मी जादूचे प्रयोग करतो. तर म्हणाला, "मग जादूनेच हलवा की."

मोटर दिली मात्र. दोन दिल्या, म्हणाला एक जळेलच. जळली.

तर नीट सांगतो. माझं पोटापाण्याचं काम म्हणजे इन्व्हर्टर आणि यूपीएस दुरुस्ती, आणि शनिवार-रविवार जादू. लहानपणी विजय रघुवीर यांचा प्रयोग बघितला आणि तेव्हापासून हा किडा डोक्यात. आधी पत्ते, नाणी, रुमाल सगळं करून झालं, आता गेली काही वर्षं मेंटॅलिझम, म्हणजे मनातलं ओळखण्याचे खेळ. ह्यात कबुतर नाही, पेटी नाही, सामान बघाल तर एक चिठ्ठी, एक पेन आणि समोरचा माणूस. म्हणजे दिसायला तेवढंच. न दिसणारं सामान पँटच्या आत असतं.

मी जे बनवलं त्याला जादूवाले थंपर म्हणतात. काम एकदम साधं, कोणीतरी लांबून बटण दाबायचं आणि तुमच्या अंगावर कुठेतरी गुपचूप थरथर व्हायची. आमच्यात बटण भाच्याकडे असतं. तो प्रेक्षकांत माइक फिरवतो, आणि माइक फिरवणाऱ्या पोराकडे जगात कोणीही बघत नाही हा माझा अनुभव आहे. समोरचा माणूस चिठ्ठीवर आकडा लिहितो, भाचा मागून बघतो, खिशातलं बटण दाबतो, माझ्या घोट्याला कळतं. झालं. एवढंच आहे, हिरमोड झाला असेल तर सॉरी.

पण ते एवढंसं नीट चालवायला मला चार महिने लागले. पहिलं मॉडेल बटण सेलवर केलं, सीआर २०३२, कारण पातळ असतो आणि मोज्यात मावतो. मोटरही नाण्यासारखी चपटी, १० मिलीमीटरची, आत एक वजन मुद्दाम एका बाजूला लावलेलं, ते गरगर फिरलं की थरथर होते, आपल्या मोबाईलमध्ये असते तीच. सगळं जोडलं, भाच्याने बटण दाबलं, मोटर अर्धा क्षण गुरगुरली आणि सर्किट बंद. परत चालू, परत बंद. मला वाटलं सोल्डरिंग कच्चं आहे, दोन रात्री तेच उकरत बसलो आणि त्यातच एक मोटर घालवली. मग मीटर लावल्यावर लक्षात आलं की मोटर सुरू होताना जो करंट ओढते तो त्या सेलला झेपतच नाही, व्होल्टेज बसतं आणि कंट्रोलर, म्हणजे सर्किटचा मेंदू, रिसेट होतो. दिवसभर लोकांचे इन्व्हर्टर "लोड जास्त होतोय हो तुमचा" असं सांगून दुरुस्त करणारा माणूस मी, आणि स्वतःच्या मोज्यातला लोड कळला नाही. बायको अजून चिडवते. शेवटी छोटी लिथियम पॉलिमर बॅटरी लावली, मोटरला ट्रान्झिस्टर आणि उलटा डायोड, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

दुसरा लोचा ब्लूटूथचा. घरात या खोलीतून त्या खोलीत मस्त चालायचं, आणि हॉल भरला की गायब. ब्लूटूथ चालतं २.४ गिगाहर्ट्झवर, आणि माणसाचं अंग म्हणजे बहुतेक पाणीच की हो, ते ह्या लहरी पिऊन टाकतं, त्यात मशीन माझ्या घोट्याला आणि मध्ये दीडशे लोकांचे पाय, वर प्रत्येकाच्या खिशात फोन. मग ब्लूटूथ काढून गाडीच्या रिमोटसारखं ४३३ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल टाकलं, ते बिचारं कुठूनही पोचतं.

कोड आमचा असा, लांब थरथर म्हणजे पाच, छोटी म्हणजे एक. आठ असेल तर एक लांब आणि तीन छोट्या. आधी दहाचा आकडा, मग थोडं थांबून एकाचा. ऐकायला सोपं, पण एक दोन आकडी संख्या यायला पाच-सहा सेकंद जातात आणि तेवढा वेळ तुम्हाला तोंडाने भलतंच काहीतरी बोलायचं असतं आणि मनात मोजायचं असतं. मी घरी भाजी निवडता निवडता बायकोशी गप्पा मारत सराव केला, तिला वाटलं नवरा सुधारला.

कानात घालायचं यंत्रही करून बघितलं. गळ्यात शर्टाच्या आतून तारेचं वेटोळं, कानात अगदी मुगाएवढा इअरपीस, तारेतल्या चुंबकीय क्षेत्रातून आवाज उचलतो. भाचा थेट बोलतो, मोजायची भानगड नाही. पण हॉलमध्ये लाइटच्या डिमरपाशी गेलो की कानात सतत घूंऽऽ, ५० हर्ट्झची आपली महावितरणची तानपुरा साथ, आणि त्यातून भाचा म्हणतोय "मामा, पँटची चेन". मी तिथेच हसलो. ते यंत्र तेव्हापासून ड्रॉवरमध्ये आहे.

आणि खरं सांगू का, कानातलं यंत्र मला तसंही आवडत नाही, त्याला कारण पीटर पॉपॉफ. हा अमेरिकेतला बाबा, भर सभेत अनोळखी माणसाचं नाव, पत्ता, आजार सगळं सांगायचा, म्हणायचा देव सांगतो. जेम्स रँडी हा स्वतः जादूगार, त्याच्या माणसांनी रेडिओ स्कॅनर लावून बघितलं तर देव ३९.१७ मेगाहर्ट्झवर बोलत होता आणि देवाचा आवाज पॉपॉफच्या बायकोचा निघाला. लोकांनी आधी भरून दिलेली कार्डं ती वाचून दाखवायची. १९८६ ला जॉनी कार्सनच्या टीव्ही शोमध्ये रँडीने ती टेप सगळ्यांना ऐकवली. यंत्र तेच जे माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मी तपकीर गल्लीला जाताना ओंकारेश्वराजवळच्या शिंदे पुलावरून जातो, २०१३ मध्ये डॉ. दाभोलकरांना मारलं तो पूल, आणि खिशात असलं काही असलं की तिथे थोडं अवघडल्यासारखं होतं. उगाच. पण होतं.

बाकी बाजारात आता काय काय मिळतं ते बघाल तर वेडे व्हाल. पत्त्यात किंवा कार्डात एनएफसीचं, म्हणजे टेकवून पैसे देतो त्या कार्डात असते तसल्या चिपचं, पातळ स्टिकर, टेबलाच्या कापडाखाली रीडर, कुठलं कार्ड ठेवलं ते कळतं, पण दोन-चार सेंटीमीटरच्या पुढे गेलं की ढिम्म. नाण्यात चुंबक आणि तुमच्या अंगावर चुंबक जवळ आलं की ओळखणारा हॉल सेन्सर, मग नाणं कुठल्या मुठीत ते ओळखा (हॉल म्हणजे सभागृह नाही, एडविन हॉल नावाचा माणूस, सेन्सर ज्यावर चालतो तो चुंबकाचा परिणाम त्याने १८७९ ला शोधला). असे फासे की कुठली बाजू वर आली ते स्वतःच सांगतात, असं पॅड की त्यावर लिहिलेलं तुमच्या मोबाईलवर उमटतं. किमती ऐकल्या की चक्कर येते म्हणून मी घरीच बनवतो, आणि दुसरं म्हणजे बनवण्यात जी मजा आहे ती करून दाखवण्यात निम्मीच आहे, हे कुठल्या जादूगाराला सांगू नका.

पण मूळ घोळ वेगळाच आहे. रॉबेर-उदँ नावाच्या फ्रेंच जादूगाराला १८५६ ला तिथल्या सरकारने अल्जीरियाला पाठवलं होतं, तिथल्या फकीर लोकांचा दबदबा मोडायला. त्याने एक पेटी ठेवली, लहान पोरगंही उचलेल अशी, आणि मग एका दांडगट माणसाला उचलायला लावली तर पेटी जागची हलेना. पेटीचा तळ लोखंडी, स्टेजखाली इलेक्ट्रोमॅग्नेट. त्या प्रेक्षकांना विजेचं चुंबक माहीतच नव्हतं म्हणून ते घाबरले. आता माझे प्रेक्षक कोण? पुण्यातले. अर्धे इंजिनिअर आणि उरलेल्यांची मुलं इंजिनिअर.

जुलैमध्ये एका कंपनीच्या कार्यक्रमात पाच जणांचे पाच आकडे ओळखले, एकही चूक नाही, यंत्र सोन्यासारखं चाललं. टाळ्या पडल्या, पण कशा, तर प्रेझेंटेशन संपल्यावर पडतात तशा. एक पोरगा उभा राहिला, "सर, घड्याळ काढून करता का?" काढलं. मग म्हणे कान दाखवा. दाखवले. मग म्हणे चष्म्यात कॅमेरा असेल. सगळा हॉल मिळून माझं मशीन शोधत होता, मन वगैरे कोणाच्या मनातच नव्हतं. घरी येताना भाचा म्हणाला, मामा आपण फारच बरोबर होतो.

मग आमच्या सोसायटीचा गणपती. कोथरूड, पार्किंगमध्ये मांडव, ड्रमवर प्लायवूड टाकून केलेलं स्टेज. मी तिसऱ्या इमारतीतल्या एका काकूंना वर बोलावलं, वय असेल पंच्याहत्तर, त्यांनी चिठ्ठीवर आकडा लिहिला, भाचा माइक घेऊन मागे. पहिला आकडा आला, एक लांब, तीन छोट्या, आठ. आणि नेमका तेव्हाच रस्त्यावरच्या मंडळाचं ढोल पथक सुरू झालं. ज्यांनी पुण्यात ढोल ऐकलाय त्यांना सांगायला नको, तो कानाने ऐकायचा नसतोच, पोटात ऐकू येतो, आणि इथे तर प्लायवूडमधून थेट घोट्यात. एक, दोन, तीन... चार? तो चौथा भाच्याचा होता की ताशाच्या पाठीमागच्या टोलाचा काही कळेना. म्हणलं जाऊ दे.

"चौऱ्याऐंशी."

"नाही रे बाबा, त्र्याऐंशी."

सगळं शांत. म्हणजे ढोल सोडून. अशा वेळी आमच्या धंद्यात काही ठरलेली वाक्यं असतात, पडलो तरी मांजरासारखं पायावर पडायची. त्यातलं एक टाकलं, "काकू, शेवटचा आकडा लिहिताना तुम्ही जरा थांबला होतात ना?" काकूंनी माझ्याकडे बघितलं. "हो," म्हणाल्या, "थांबले होते जरा." आणि जो काही आवाज झाला मांडवात, शिट्ट्या काय, टाळ्या काय. घड्याळ काढा म्हणणारा एकही जण उठला नाही. यंत्राने बरोबर सांगितलेलं यंत्राचं वाटतं आणि एका अंकाने चुकलं की माणसाचं वाटतं, त्या रात्री मी ह्याच आनंदात दोन मोदक जास्त खाल्ले.

खुर्च्या उचलत होतो तेव्हा काकू परत आल्या. बाजूला घेतलं. म्हणाल्या, आमचे हे मे महिन्यात गेले, बँकेच्या लॉकरची किल्ली कुठे ठेवली ते सांगितलंच नाही, सगळं घर पालथं घातलं, मुलगा म्हणतो बँकेला सांगून लॉकर फोडू, पण मला ते नकोय, त्यांनी इतकं जपून ठेवलेलं असं फोडायचं... तुला काही दिसतंय का बघ ना रे.

आता काय बोलणार. जादूगाराने गुपित फोडू नये हे मला मान्य आहे, तरी मी खुर्चीवर बसलो, पँट वर केली आणि पट्टा दाखवला. मोटर दाखवली, भाच्याला हाक मारून बटण दाबायला लावलं, काकूंच्या तळहातावर ठेवून थरथर दाखवली. म्हणलं काकू, हे बघा, हे एवढंच आहे, आकडा ह्याने पाठवला, मला काही दिसत-बिसत नाही.

काकूंनी ते नीट बघितलं. चष्मा वर करून बघितलं. "छान केलंयस हं," म्हणाल्या. मग भाच्याला विचारलं, "तू किती पाठवलास?"

"त्र्याऐंशी, आजी."

"बघ," माझ्याकडे वळून म्हणाल्या. "ह्याने त्र्याऐंशी पाठवला. चौऱ्याऐंशी तू तुझ्या मनाने म्हणालास. हे गेले तेव्हा चौऱ्याऐंशीचे होते. माझ्या डोक्यात तेच आलं होतं, लिहायला हात धजला नाही म्हणून एक कमी केला."

मी ढोलाचं सांगितलं, दोनदा सांगितलं. त्या मान हलवत होत्या, पण आपण पोरांच्या थापा ऐकून घेताना हलवतो तशी. आणि खरोखर त्यांच्या डोक्यात चौऱ्याऐंशी आला होता की मी "थांबला होतात ना" विचारल्यावर तो आला, हे मला अजून ठरवता येत नाहीये, आणि त्यांना तर आता कधीच येणार नाही.

किल्ली अजून सापडलेली नाही. मी दोन रविवार त्यांच्याकडे जाऊन माळे उपसले, चहा आणि चिवडा मिळतो, पण तिथे बसलेल्या शेजारणी माझ्या हाताकडे अशा बघतात की मला घाम फुटतो. भाचा म्हणतो मामा, ५५५ आयसीवर छोटा मेटल डिटेक्टर होतो, नुसतं तांब्याच्या तारेचं वेटोळं करायचं. म्हणलं अरे, त्या घरात तीन गोदरेजची कपाटं आणि अख्खी मांडणी स्टीलच्या डब्यांची, तो डिटेक्टर बोंबलतच बसेल. तरी शनिवारी तार आणायला जातोय. दुकानदार ह्या वेळी काय विचारेल देव जाणे.