18 हजार

सकाळी नऊच्या सुमारास कॅज्युअल्टीतून जांभळ्या झाकणाची नळी आली. लेबलावर लाल पेनानं ‘स्ट्रोक’. तासगावकडचे साठीतले शेतकरी. साडेसहाला धार काढताना चरवी हातातून निसटली, उजवी बाजू लुळी पडली. सांगलीत पोचेपर्यंत दोन तास गेले. सीटीत रक्तस्राव नव्हता, त्यामुळे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येणार होतं. मुदत साडेचार तासांची, म्हणजे अकरापर्यंत. पण तोवर मेंदू थोडाच थांबतो!

मशीननं प्लेटलेटचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींचा, आकडा दिला : 18,000.

मी तडक फोन लावला. रक्त पसरलेली काच मायक्रोस्कोपखाली न बघताच. वीस वर्षं लॅबमध्ये काढून ही घाई!

एक लाखाच्या खाली पेशी असतील तर ते इंजेक्शन देत नाहीत. मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती असते. पलीकडून डॉक्टर म्हणाले, “औषध आणून ठेवलंय मॅडम. नक्की ना?”

त्या ‘नक्की ना’नं मी भानावर आले. “अंगावर लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त, असं काही आहे?”

“काहीच नाही.”

“मग पाच मिनिटं द्या. आणि निळ्या झाकणाच्या नळीत परत रक्त काढा.”

काच रंगवून मायक्रोस्कोपखाली सरकवली. मधल्या भागात प्लेटलेट तुरळक. पसरलेल्या रक्ताच्या टोकाला, शेपटीकडे गेले तर तिथं सगळ्या गोळा झालेल्या, द्राक्षाच्या घडासारख्या एकमेकींना चिकटून. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. काहींच्या रक्तातल्या प्रतिपिंडांमुळे त्या ईडीटीएतच प्लेटलेटचे पुंजके होतात; अंगात नाही, फक्त नळीत. मशीन सुट्या पेशी मोजतं, पुंजका त्याच्या हिशेबात येत नाही.

निळी नळी घेऊन मुलगाच धावत आला. “ताई, पेशी कमी हायत म्हणं? पपईच्या पानांचा रस आणू का?” डेंग्यूनं आपल्याकडं घराघरात हे शिकवून ठेवलंय. त्याला काय सांगणार, की मेंदूची वाट अडवणाऱ्या गुठळीत त्याच पेशींचा हात असतो? “काही आणू नका, इथंच थांबा,” एवढंच म्हटलं.

निळ्या नळीत सायट्रेट असतं. मशीन म्हणालं 1,95,000. नळीतल्या द्रवानं रक्त थोडं पातळ होतं, म्हणून 1.1 नं गुणायचं : 2,14,500. पुंजके याही नळीत होऊ शकतात, म्हणून या वेळी काच आधी बघितली. स्वच्छ होती. मग फोन.

9:40 ला इंजेक्शन गेलं.

दुसऱ्या दिवशीच्या सीटीतही रक्तस्राव नव्हता, तेव्हा ॲस्पिरिन सुरू झालं. प्लेटलेटना एकमेकींना चिकटू न देणारी गोळी! दुपारी वॉर्डात डोकावले. उजवा हात खांद्यापर्यंत उचलत होते, बोटं अजून जड होती. फाइलच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘जांभळ्या नळीत पेशी खोट्या कमी दिसतात. निळी नळी वापरा, काच बघा.’ मुलानं मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि विचारलं, “मग ताई, डेंग्यू झाला तरी हेच दाखवायचं ना?”

“तेव्हा तर आधी हेच दाखवा,” मी म्हटलं.