बर्लिनची स्मारकं : खाली बघत केलेली एक फेरी

बर्लिनला गेलात तर एक अख्खी दुपार फक्त स्मारकांसाठी ठेवा. घोड्यावरचा सेनापती बघायला मान वर करावी लागते. नाझी राजवटीत मारल्या गेलेल्यांसाठी या शहराने जे केलंय, ते मात्र बरंचसं जमिनीलगत किंवा जमिनीखालीच आहे. तिकीट कुठेही नाही.

सुरुवात राइशटागशेजारी (जर्मन संसदेची इमारत), नाझींनी मारलेल्या सिंती आणि रोमा लोकांच्या, म्हणजे ज्यांना पूर्वी सरसकट जिप्सी म्हणत त्यांच्या, स्मारकापासून करा. झाडांच्या आडोशाला काळंभोर गोल तळं, मधोमध त्रिकोणी दगड (छावण्यांमध्ये कैद्यांच्या कपड्यांवर त्रिकोणी खूण असे) आणि त्यावर रोज एक ताजं फूल. दानी कारावान यांचं हे काम २०१२ साली खुलं झालं. काठावरच्या दगडांवर छावण्यांची नावं कोरली आहेत, ती वाचत एक फेरी मारा.

ब्रांडेनबुर्ग दरवाजाच्या दक्षिणेला, चालत काही मिनिटांवर, ज्यू बळींचं मोठं स्मारक आहे. पीटर आयझेनमन यांनी रचलेले काँक्रीटचे २,७११ ठोकळे, २००५ साली खुले झालेले. एकावरही नाव नाही. कडेचे ठोकळे बसायच्या बाकाएवढे वाटतात. आत शिरलं की जमीन लाटेसारखी खाली उतरते, ठोकळे साडेचार मीटरच्या वर जातात. वाट जेमतेम ९५ सेंटिमीटरची, म्हणून जोडीने चालता येत नाही. आपलं माणूस पुढच्या ओळीत दिसतं आणि दुसऱ्या क्षणी नाहीसं होतं. मुलं बरोबर असतील तर हात सोडू नका, आणि पावसात जपून चाला. ठोकळ्यांवरून उड्या मारायला मनाई आहे. तरी लोक वर चढून फोटो काढतात, आणि ते बघवत नाही.

खालचं माहिती केंद्र अजिबात चुकवू नका; वर नसलेली नावं तिथे आहेत. एका अंधाऱ्या दालनात जमिनीतल्या उजळलेल्या काचांवर बळींच्या पत्रांतले, रोजनिशीतले उतारे वाचायला मिळतात. पुढच्या एका दालनात एकेक नाव आणि त्या माणसाची थोडक्यात हकिगत ऐकवली जाते. तिथे मी बराच वेळ बसून राहिलो. केंद्र सोमवारी बंद असतं आणि आत जाताना तपासणी होते, तेव्हा थोडा वेळ हाताशी असू द्या.

मग उंटर डेन लिंडेन रस्त्याने पूर्वेला चालत या. थकलात तर यू-५ मेट्रो आहे. नॉये वाखं संध्याकाळी सहाच्या आत गाठा. वास्तुविशारद शिंकेलने बांधलेल्या या जुन्या पहारेघरात आता केटे कोलविट्झ यांचं शिल्प आहे, मेलेल्या मुलाला कवेत घेतलेली आई. कोलविट्झ यांचा स्वतःचा मुलगा १९१४ मध्ये युद्धात मारला गेला होता. छताला मुद्दाम भोक ठेवलंय, त्यातून ऊन, पाऊस, बर्फ थेट त्या आईवर पडतं. शक्य असेल तर पावसातच बघा.

समोर तिरक्या बाजूला बेबेलप्लाट्झ. १० मे १९३३ रोजी इथे पुस्तकांची होळी झाली. मीखा उलमन यांनी चौकाखाली पांढऱ्या रिकाम्या फळ्यांची खोली केली आहे, सुमारे २०,००० पुस्तकं मावतील एवढी. ती फरसबंदीतल्या काचेतून बघायची; दिवसा त्या काचेत आभाळच दिसतं, म्हणून अंधार पडल्यावर जा. हिवाळ्यात साडेचारलाच अंधारतं, तेव्हा नॉये वाखंनंतर लगेच हे जमतं; उन्हाळ्यात नऊनंतर परत यावं लागेल.

हाकेशर मार्क्टच्या गल्ल्यांत जेवायला गेलात तर दारांसमोरच्या फरसबंदीकडे लक्ष असू द्या. दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन दिसतील : इथे कोण राहत होतं, कधी नेलं, कुठे मारलं. गुंटर डेम्निग यांनी सुरू केलेलं हे काम आज युरोपभर पसरलं आहे. अक्षरं बारीक आहेत, वाचायला वाकावंच लागतं.