दुतोंड्या मारुतीचं दुसरं तोंड

मेन रोडवरून आणलेल्या चार्जरच्या खोक्यावर होलोग्रामचा चमचमता स्टिकर होता. जेवणं झाल्यावर तो उन्हात तिरका-सरळ करत बसलो. माझा जुना चाळा. माल अस्सल आहे का, याच्याशी मला देणंघेणं नसतं. एवढ्याशा पापुद्र्यात खोली कुठून येते, ते बघायचं असतं. मग नख लागतंच. चांदी निघून येते, खाली चौकटींची जाळी उरते आणि आतून आवाज येतो, "झालं? आता दुकानदार घेणारे का परत?"

आपलं विश्वही असंच असेल म्हणणारे चांगले शहाणे लोक आहेत. सुरुवात कृष्णविवरांपासून झाली. १९७०च्या दशकात बेकेनस्टाइन आणि हॉकिंग या भौतिकशास्त्रज्ञांच्या गणितातून निघालं, की कृष्णविवरात किती माहिती मावते ते त्याच्या घनफळावर नाही, पृष्ठभागावर ठरतं. १९९३ साली जेरार्ड ट हूफ्ट यांनी आणि पाठोपाठ ससकिंडनी हाच नियम साऱ्या जगाला लावून पाहिला: आतलं सगळं कडेवरच्या सपाट नोंदीत असावं. १९९७ मध्ये माल्डासेनांनी अशा एका विश्वाचं गणितही मांडलं. फक्त ते विश्व आपलं नव्हे. आपलं प्रसरण पावतंय. त्याला तशी कडच सापडत नाही.

नाशिककराला यात नवल वाटू नये. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण आकडे कुठे विचारतो? "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" एवढंच. मारुती म्हणजे नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. गुडघ्याला म्हणजे बघायला जायचं, कमरेला म्हणजे लांबूनच बघायचं, छातीच्या वर गेलं की भांडी बाजारात आवराआवर. अख्ख्या गंगेचा, म्हणजे आमच्या गोदावरीचा, पूर एका मूर्तीच्या अंगावर वाचायचा.

लहानपणी आजोबांचं बोट धरून, एका छत्रीत निम्मा भिजत, मीही तो वाचायला जायचो. लाल गढूळ पाणी, त्यात कुणाची तरी टोपली गरगरत चाललेली. मी विचारलं होतं, "आजोबा, दुसरं तोंड कुणाकडे बघतं?"

ते घसा साफ करून म्हणाले, "पलीकडे."

"पलीकडे काय आहे?"

"चहाची टपरी. चल."

विश्वाच्या बाहेर काय, या प्रश्नाला शास्त्रज्ञांचं उत्तर याहून फार वेगळं नाही. म्हणे, कड ही डोकावून बघायची भिंत नव्हे. आतली हकीकत आणि कडेवरची हकीकत एकाच जगाच्या, दोन्ही सारख्याच खऱ्या. म्हणजे 'बाहेर' हा प्रश्नच गैरलागू. मला ही पळवाट वाटते. टपरी बरी, निदान चहा तरी मिळाला.

आजोबांच्या अस्थी रामकुंडातच गेल्या. माहिती कधी नष्ट होत नाही, कृष्णविवरातसुद्धा नाही, असं आता बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ मानतात. मानोत बापडे. ते घसा साफ करायचे तो आवाज मला हल्ली नीट आठवत नाही.