३० टक्के सीपीयू, तरी आवाज का तुटतो?

तुम्ही विचारलंत म्हणून हे जरा सविस्तर. प्रश्न नेहमीचाच आहे: कॉम्प्युटर नवा, रॅम भरपूर, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ३० टक्क्यांच्या वर जात नाही, तरी संगीत रेकॉर्ड आणि मिक्स करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये गाणं वाजवताना मध्येच चटचट येते, कधी सूरच तुटतो. असं का होतं आणि आधी काय करून पाहायचं?

टास्क मॅनेजरमधला तो आकडा या कामासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. तो साधारण सेकंदभराची, आणि तीही सगळ्या कोअरची (प्रोसेसरच्या आतल्या स्वतंत्र गणकांची) मिळून, सरासरी दाखवतो. वर्षाच्या सरासरी पावसावरून काल ओढ्याला पूर आला होता का, हे कळत नाही, तसंच हे. संगीताच्या सॉफ्टवेअरला दर काही मिलिसेकंदांनी एक मुदत गाठायची असते. ती एकदा जरी हुकली तरी कानाला कळतं.

ही मुदत ठरते बफरवरून, म्हणजे एका वेळी तयार करायच्या आवाजाच्या तुकड्याच्या आकारावरून. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) ४८,००० आणि बफर १२८ सॅम्पलचा असेल, तर मुदत २.६७ मिलिसेकंदांची. तेवढ्या वेळात सगळे ट्रॅक वाचायचे, प्रत्येकावरचे प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारे जोड-प्रोग्राम) चालवायचे, सेन्ड आणि बस (अनेक ट्रॅक एकत्र नेणाऱ्या वाटा) जमवायच्या, मास्टरवरची (सगळे ट्रॅक शेवटी मिळतात तिथली) प्रक्रिया करायची आणि तयार तुकडा ड्रायव्हरच्या (ध्वनी उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) हवाली करायचा. हे सेकंदाला ३७५ वेळा. त्यातल्या ३७४ वेळा काम वेळेत झालं आणि एकदा अर्धा मिलिसेकंद उशीर झाला, तर त्या जागी खळगा पडतो आणि चट्ट आवाज येतो. सरासरीत त्याचा मागमूसही दिसत नाही. बफर ५१२ केलात तर मुदत १०.६७ मिलिसेकंदांची होते, १०२४ ला २१.३३ ची. उलट सॅम्पल रेट ९६,००० केलात आणि बफर तोच ठेवलात, तर एका बफरमागचं काम तेवढंच राहतं, पण ते निम्म्या वेळात उरकावं लागतं. ९६,००० वर काम करण्याचं ठोस कारण नसेल, तर ४८,००० वरच राहा.

आता कोअरचं. आठ कोअरपैकी एक पूर्ण भरला आणि बाकीचे रिकामे राहिले, तर एकूण आकडा दिसतो साडेबारा टक्के. आणि नेमकं हेच घडतं, कारण एका ट्रॅकवरचे प्लगइन एकामागून एकच चालतात. गायनाच्या ट्रॅकवर नॉइज रिडक्शन, मग पिच करेक्शन, ईक्यू, दोन कॉम्प्रेसर, डी-एसर, सॅच्युरेशन अशी साखळी लावलीत, तर कॉम्प्रेसरला ईक्यूचं उत्तर हातात आल्याशिवाय सुरुवातच करता येत नाही. ही साखळी दोन कोअरवर वाटता येत नाही. वेगवेगळे ट्रॅक वाटता येतात, पण ते सगळे ज्या बसमध्ये मिळतात तिला सगळ्यांची वाट पाहावी लागते, आणि मास्टरला त्या बसची. म्हणून मास्टरवर पाच-सहा जड प्लगइन लावून वर ‘माझ्याकडे सोळा कोअर आहेत’ म्हणण्यात अर्थ नाही. त्या साखळीपुरता एकच कोअर राबतो.

गुन्हेगार शोधायची पद्धत अशी. आधी सॉफ्टवेअरचं स्वतःचं मीटर उघडा. रीपरमध्ये परफॉर्मन्स मीटर आहे. तो ट्रॅकवार सीपीयू दाखवतो. क्युबेसमध्ये एफ १२ दाबलं की ऑडिओ परफॉर्मन्सची खिडकी येते. तिथे भार आणि त्याचा पीक (सगळ्यात वर गेलेला आकडा) वेगवेगळे दिसतात. पाहायचा तो पीक. एबलटन लाइव्हमध्ये आवृत्ती ११ पासून सेशन व्ह्यूच्या मिक्सरमध्ये प्रत्येक ट्रॅकखाली भाराचा छोटा निर्देशक आणता येतो. मग जिथे आवाज तुटतो ते आठ-दहा सेकंद लूपवर लावा आणि मास्टरवरचं सगळं बायपास (तात्पुरतं बंद) करा. फरक पडला नाही, तर निम्मे ट्रॅक बंद करा. चट्ट थांबली तर दोषी त्या निम्म्यात. पुन्हा त्यांचे दोन भाग करा. साठ ट्रॅकचं गाणं असलं तरी पाच-सहा फेऱ्यांत एका ट्रॅकवर येऊन पोचता. इथे एक काळजी घ्या: नुसतं म्यूट करून सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये प्लगइन थांबत नाहीत. ट्रॅकवरचे प्लगइनच बंद करा, नाहीतर चाचणी फसवी ठरते.

सापडलेल्या प्लगइनमध्ये सगळ्यात आधी ओव्हरसॅम्पलिंग पाहा. ४८,००० च्या प्रोजेक्टमध्ये चौपट ओव्हरसॅम्पलिंग म्हणजे तो प्लगइन आत १,९२,००० वर चालतोय, म्हणजे काम साधारण चौपट. बऱ्याच प्लगइनमध्ये ते फक्त रेंडरच्या (गाण्याची अंतिम फाइल काढायच्या) वेळी चालू ठेवायची सोय असते, ती वापरा. रिव्हर्ब प्रत्येक ट्रॅकवर वेगळा लावला असेल, तर एका सेन्डवर आणा. जो ट्रॅक आता बदलायचा नाही तो फ्रीझ करा, म्हणजे त्याचा तयार आवाज साठवला जातो आणि प्लगइन थांबतात. फ्रीझ करायला लोक का कचरतात ते समजत नाही. एका क्लिकमध्ये तो परत मोकळा होतो.

लॉजिक वापरणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. सॉफ्टवेअर इन्स्ट्रुमेंटचा ट्रॅक निवडलेला असला की लॉजिक तो लाइव्ह वाजवायला सज्ज ठेवतं आणि त्याचा भार एका कोअरवर एकवटतो. नुसतं ऐकायचं असेल तर आधी एखादा साधा ऑडिओ ट्रॅक निवडा. एवढ्यानेच ओव्हरलोडची चौकट येणं बऱ्याचदा थांबतं. इतर सॉफ्टवेअरमध्येही रेकॉर्डसाठी आर्म (सज्ज) केलेल्या ट्रॅकचं असंच आहे. रीपरचं अँटिसिपेटिव्ह एफएक्स किंवा क्युबेसचं एएसआयओ-गार्ड बाकीच्या ट्रॅकचं काम आगाऊ करून ठेवतं, पण जो आवाज आत्ता आत येतोय त्याचं काम आगाऊ करणार कसं? तो ट्रॅक कडक मुदतीतच राहतो. काम झालं की आर्म आणि मॉनिटरिंग (आत येणारा आवाज सॉफ्टवेअरमधून ऐकणं) काढून टाकायची सवय लावा.

यातूनच दुसरी तक्रार निघते: ‘बफर ६४ केला, तरी हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो.’ इथे बफरचा दोष नसतो. लुकअहेड (पुढचा आवाज आधीच पाहण्याची सोय) असलेला लिमिटर किंवा लिनियर फेज ईक्यू स्वतःचा उशीर घेऊन येतो, आणि सगळे ट्रॅक एका रांगेत राहावेत म्हणून सॉफ्टवेअर बाकीच्यांनाही तेवढं थांबवतं. ४,०९६ सॅम्पलचा उशीर लावणारा एक ईक्यू मास्टरवर असला की ४८,००० वर ८५ मिलिसेकंद गेले. मग बफर ६४ करा नाहीतर ३२. गाणारा माणूस तालात राहूच शकत नाही, आणि बिचाऱ्याला वाटतं आपलंच चुकतंय. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी मास्टर मोकळा ठेवा, बफर १२८ किंवा त्याखाली आणा. मिक्सिंगला बसलात की ५१२ किंवा १०२४. इंटरफेसमध्ये (माइक-हेडफोन जोडायच्या उपकरणात) डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे आवाज सॉफ्टवेअरमधून न फिरवता थेट ऐकायची सोय, असेल तर गायनासाठी तेच वापरा. मग सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर आवाज दुहेरी येतो.

खरा उशीर मोजायचा असेल तर इंटरफेसच्या आउटपुटमधून इनपुटमध्ये केबल लावा, एक टोकदार क्लिक वाजवा आणि परत रेकॉर्ड करून दोन्हींतलं अंतर सॅम्पलमध्ये पाहा. ४८,००० वर ४८० सॅम्पल म्हणजे १० मिलिसेकंद. मात्र रेकॉर्डिंगचा उशीर आपोआप भरून काढण्याची सोय चालू असेल, तर दिसणारं अंतर हे खरा उशीर नसून ड्रायव्हरने सांगितलेल्या आणि प्रत्यक्षातल्या उशिरातला फरक असतो.

आता समजा मीटर शांत आहे, रिकाम्या प्रोजेक्टमध्ये एकच ऑडिओ ट्रॅक वाजतोय, आणि तरीही चट्ट येते. मग प्लगइन सोडा, ड्रायव्हरकडे वळा. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (कमी उशिराचा) ड्रायव्हर वापरा. एएसआयओ४ऑल हा विंडोजच्या नेहमीच्या ड्रायव्हरवर चढवलेला थर आहे, खरा ड्रायव्हर नसेल तेव्हाच तो घ्यावा. मग लेटन्सीमॉन हा तपासणीचा प्रोग्राम चालू करून गाणं दहा मिनिटं वाजू द्या. एखादा ड्रायव्हर प्रोसेसर फार वेळ अडवून धरत असेल तर त्याचं नाव तिथे येतं. बहुतेक वेळा तो वाय-फायचा किंवा ग्राफिक्स कार्डाचा निघतो. वाय-फाय बंद करून पुन्हा मोजा. आकडा पडला तर त्या ड्रायव्हरची दुसरी आवृत्ती टाका किंवा काम करताना वाय-फाय बंदच ठेवा. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर न्या, प्रोसेसरची किमान स्थिती १०० टक्के करा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. इंटरफेस हबला न लावता थेट पोर्टला लावा. लॅपटॉप पहिली वीस मिनिटं नीट चालून मग अडखळत असेल, तर तो तापून वेग कमी करतोय. सेटिंग कितीही बदललीत तरी फरक पडणार नाही, आधी हवा खेळती ठेवा.

डिस्कचं थोडक्यात: मोठ्या सॅम्पल लायब्ररीत सूर उशिरा उमटणं किंवा मध्येच गळणं, पण चटचट नसणं, ही डिस्कची खूण. लायब्ररी एसएसडीवर हलवा.

एक गोष्ट मात्र मनापासून खटकते. आवाज तुटला की बहुतेक सॉफ्टवेअर ‘ओव्हरलोड’ एवढंच सांगतात. कोणत्या ट्रॅकने, कोणत्या प्लगइनने किती वेळ घेतला, हे त्यांना मोजता येतं. ते त्या क्षणी, त्या जागी, नावानिशी दाखवायला हवं. ते दाखवत नाहीत म्हणून माणसं अंदाजाने बफर वाढवत राहतात, मग रॅम घेतात, शेवटी कॉम्प्युटर बदलतात. रॅम कमी पडली तर सॅम्पल मावत नाहीत किंवा सगळंच मंदावतं. पण प्लगइनच्या साखळीची मुदत चुकत असेल, तर रॅम दुप्पट करून काही बदलत नाही.

आणि बदलायचाच असेल कॉम्प्युटर, तर कोअरच्या संख्येआधी एका कोअरचा वेग पाहा. मोठ्या ऑर्केस्ट्रासारखे शंभरेक सुटे ट्रॅक असतील तर जास्त कोअरचा उपयोग होतो. कमी बफरवर गायन आणि गिटार थेट प्लगइनमधून ऐकत रेकॉर्ड करायचं असेल, तर एकटा वेगवान कोअरच कामी येतो.