कऱ्हाड सापडलं! (वाचनालयाची साइट, नोंद १४)

मागच्या नोंदीनंतर पाच आठवडे काही लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही हाती नव्हतं. आपल्या साइटवर एका वाचकाला "कऱ्हाड" शोधलं की शून्य पुस्तकं येत होती, ते कोडं काल रात्री पावणेअकराला अखेर सुटलं. डोक्यात ताजं आहे तोवर सगळं लिहून काढते, कारण मराठी साइट बनवणाऱ्या प्रत्येकाला हा खड्डा कधी ना कधी लागणार आहे.

आधी लहान आनंद. नोंद ११ मध्ये सफारीतल्या यादीचं लिहिलं होतं: सीएसएसने (पानाची मांडणी ठरवणारी भाषा) बुलेट काढले की व्हॉइसओव्हर, म्हणजे आयफोनचा पडदा वाचून दाखवणारा आवाज, ती यादी आहे असं सांगतच नाही. रोल (हा घटक काय आहे ते सांगणारी खूण) देऊन ती पुन्हा यादी केली. आता आयफोनवर "यादी, इतके घटक" असं व्यवस्थित ऐकू येतं. शोधाचा निकाल सांगणारी ओळही बोलायला लागली. चूक साधी होती. ती ओळ मी निकालासोबत नव्याने तयार करत होते. स्टेटस रोलचा रिकामा डबा पान उघडतानाच असावा लागतो, मजकूर मागाहून त्यात टाकायचा. आता "सतरा पुस्तकं सापडली" हे फोकस न हलवता ऐकू येतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तीनदा तोच शोध घेतला, नुसतं ऐकायला.

आता मुख्य भानगड.

आपल्या साइटचे सगळ्यात नेटाने वापरणारे वाचक म्हणजे काका. निवृत्त शिक्षक आहेत, दृष्टी पूर्ण गेलेली. विंडोजवर फायरफॉक्स आणि एनव्हीडीए (पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरतात. महिन्यापूर्वी त्यांचा फोन आला: "ताई, आपल्या वाचनालयात कऱ्हाडवर एकही पुस्तक नाही?" कऱ्हाड तालुक्यातलं वाचनालय आणि कऱ्हाडवर पुस्तक नाही, असं कसं होईल? मी लगेच शोधलं, सतरा आली. "आहेत की काका, सतरा आहेत." ते म्हणाले, "मला शून्य सांगतंय."

इथून माझी पहिली चूक सुरू झाली. माझ्याकडे क्रोममध्ये चालतंय, काकांकडे फायरफॉक्समध्ये नाही, म्हणजे घोळ ब्राउझरचा. मी फायरफॉक्स घेऊन बसले. तिथेही सतरा. मग वाटलं, एनव्हीडीए चालू असताना फॉर्म नीट सबमिट होत नसेल. एनव्हीडीए चालू करून, स्क्रीन बंद ठेवून, फक्त कीबोर्डवर शोधलं. सतरा. कीबोर्डवर शब्द जुळत असताना एंटर दाबला तर काही ब्राउझर अर्धा शब्दच पुढे पाठवतात, हे आधी कुठेतरी भोगलेलं, म्हणून तेही इव्हेंट एकेक करून तपासले. तीन संध्याकाळी गेल्या. तीन ब्राउझर, दोन फोन, सगळीकडे सतरा. काकांकडे शून्य.

या काळात सुलभतेच्या स्वयंचलित तपासणीत आपलं शोधपान शंभरपैकी शंभर घेत होतं. कॉन्ट्रास्ट ठीक, लेबलं ठीक, शीर्षकांची उतरंड ठीक. ही साधनं मी रोज वापरते आणि वापरत राहणार, पण वाचकाला पुस्तक सापडतं का हे त्यांच्या कक्षेतच येत नाही. ते माणसाला विचारावं लागतं.

आणि उत्तर काकांनीच दिलं. दुसऱ्यांदा बोलणं झालं तेव्हा ते सहज म्हणाले, "नवीन पुस्तकांच्या यादीत एक नाव ऐकलं. त्यात कऱ्हाड म्हणताना र मध्येच अडकतो. मी लिहितो तो अडकत नाही." मी ते पान उघडलं. स्क्रीनवर होतं "कर्हाड". रफार! ह च्या डोक्यावर रफार.

मंडळी, हे मी पाहिलेलं होतं. नोंद १२ मध्ये मीच लिहिलंय की "फाँट अर्धा र नीट काढत नाही, नंतर बदलू". फाँटवर विनाकारण आळ घेतला. फाँट त्याला दिलेलंच काढत होता.

काकांना म्हटलं, तुम्ही शोधात लिहिता तो शब्द मला जसाच्या तसा मेल करा. तो घेतला, मी लिहिलेला घेतला, डेटाबेसमधला घेतला, आणि तिन्हींचे कोड पॉइंट (युनिकोड या अक्षरांच्या जागतिक मानकातले प्रत्येक चिन्हाचे क्रमांक) एकाखाली एक मांडले. काकांचा: ०९१५, ०९३१, ०९४डी, ०९३९, ०९३ई, ०९२१. म्हणजे क, मग नुक्त्याचा ऱ, त्याचा पाय मोडलेला, मग हाड. माझा: ०९१५, ०९३०, ०९४डी, २००डी, आणि पुढे तेच. साधा र, पाय मोडलेला, आणि मागे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर काकांचा आणि माझा शब्द हुबेहूब एक. डेटाबेसमधला मात्र माझ्यासारखाच, पण जोडक गायब. जोडक गेला की पाय मोडलेला र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो आणि रफार होतो.

जोडक कोणी खाल्ला? मीच. नोंद १० आठवतेय? पीडीएफ आणि व्हॉट्सॲपवरून चिकटवलेल्या नावांत अदृश्य अक्षरं येत होती, एकच पुस्तक दोनदा दिसत होतं, म्हणून मी एक तयार सफाई-फंक्शन लावलं होतं. ते २००बी पासून २००डी पर्यंत सगळं आणि एफईएफएफ (हे सगळे न दिसणाऱ्या चिन्हांचे क्रमांक) सरसकट काढतं. हा तुकडा जालावर जागोजागी मिळतो, आणि इंग्रजी मजकुराला त्याने काही होत नाही. मराठीत २००डी, म्हणजे तो जोडक, हा कचरा नाही, तो अक्षराचा भाग आहे.

आणि माझ्याकडे नेहमी सतरा का यायचे, याचं कोडंही इथेच सुटलं. तीच सफाई शोधाच्या खोक्यातही लावलेली. मी जोडकवाला कऱ्हाड लिहायचे, सफाई त्याचा कर्हाड करायची, डेटाबेसमध्येही कर्हाड, दोन्ही जुळायचे. बिघडलेलं बिघडलेल्याशी जुळत होतं. बरोबर लिहिणाऱ्या काकांना मात्र शून्य. प्रत्येक यंत्रावर मी माझ्याच सवयीच्या कीबोर्डने तपासत होते, म्हणून ब्राउझर कितीही बदलले तरी फरक पडला नाही.

हे दोन प्रकार आले कुठून तेही सांगते. युनिकोडमध्ये मराठीतला हा अर्धा र लिहायची सरळ रीत म्हणजे ऱ आणि हलंत (पाय मोडायची खूण). ही आयएससीआयआय या भारतीय लिप्यांच्या जुन्या संगणकीय मानकापासून चालत आलेली, आणि युनिकोडच्या पुस्तकात तिथे मराठी आणि नेवारी अशी दोन भाषांची नावंही घेतली आहेत. र, हलंत आणि जोडक ही दुसरी रीत युनिकोडच्या २.० आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी राखलेली आहे. दोन्ही चालतात, दोन्ही सारख्याच दिसतात. पण एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणायची युनिकोडची रीत) या दोघांना एक करत नाही! तिथेच माझी दुसरी संध्याकाळ गेली. र आणि सुटा नुक्ता असेल तर एनएफसी त्याचा ऱ करतं. जोडकाला ते हातही लावत नाही. हा नियम आपल्यालाच लिहावा लागतो.

इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर लिहिणाऱ्यांनी शिफ्ट आणि जे दाबलं की ऱ मिळतो, मग डी ने पाय मोडायचा. मी आता तीच सवय लावून घेतेय.

तर आता क्रम असा आहे. आधी एनएफसी. मग र, हलंत, जोडक दिसलं की त्याचा ऱ आणि हलंत. सफाईत फक्त २००बी आणि एफईएफएफ काढायचं, २००सी आणि २००डी ला हात नाही. साठवतानाही हेच आणि शोधतानाही हेच. नव्या नोंदींचा प्रश्न वीस मिनिटांत मिटला.

जुन्या नोंदींचं काय? जोडक एकदा गेला की परत आणता येत नाही, आणि नोंदी थेट फॉर्ममध्ये भरलेल्या असल्याने मूळ फाइलही नाही. एक पळवाट होती: शोधापुरते र्य आणि ऱ्य, र्ह आणि ऱ्ह एकच मानायचे. पाच ओळींचं काम, आणि काकांना सतरा मिळाले असते. पण पुस्तकाचं नाव पानावर चुकीचंच राहिलं असतं आणि कानालाही चुकीचंच ऐकू आलं असतं. शिवाय आचार्यांना म्हणजे गुरूंना, आणि आचाऱ्यांना म्हणजे स्वयंपाक्यांना. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. वाचनालयाच्या यादीत हे एक करून चालणार नाही.

म्हणून यादी काढली. र्य किंवा र्ह असलेले वेगवेगळे शब्द भरले १६३. वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी कमी. पैकी र्ह चे ४१. यांनी काही त्रास दिला नाही, कारण मराठीत र आणि ह एकत्र आले की जवळजवळ नेहमी ऱ्हच असतो: कऱ्हाड, वऱ्हाड, कुऱ्हाड, गुऱ्हाळ, बिऱ्हाड, तऱ्हा. अर्हता आणि तिची भावंडं बाजूला ठेवून बाकी एका फटक्यात बदलले.

र्य चे १२२ मात्र नियमाला बधेनात. आधी वाटलं, शेवटी र्या आला की ऱ्या करावा: कादंबऱ्या, पायऱ्या, फेऱ्या. पण सूर्याचा, कार्याचा, सौंदर्याची यांतही र्या आहेच. मग आईला शेजारी बसवलं. मी शब्द वाचायचा, ती "रफार" किंवा "साधा" म्हणायची. शेतकऱ्यांचा, साधा. धैर्य, रफार. किनाऱ्यावर, साधा. मर्यादा, रफार. चहा संपेपर्यंत १२० झाले. ५७ रफाराचे, ६३ ऱ्यचे. दोन अडले, आणि दोन्हींत दर्या किंवा दऱ्या. नुसत्या नावावरून समुद्र की डोंगर ते कळेना.

आज सकाळी वाचनालयात जाऊन जुन्या कार्डांचे खण उघडले. पहिलं कार्ड मिळालं. निळ्या शाईत, बोरूसारख्या जाड टाकाने लिहिलेलं, आणि य च्या आधी तो अर्धा र असा बाकदार काढलेला की शंकेला जागाच नाही. डोंगरातल्या दऱ्या. दुसऱ्या पुस्तकाचं कार्ड खणात नाही आणि पुस्तक वाचकाकडे गेलंय. ते परत आलं की बघीन. तोवर ती एक नोंद तशीच.

कार्डं चाळताना एक नवीनच गोष्ट लक्षात आली आणि पुढचा बेत बदलला. मी आता छापण्याच्या सीएसएसकडे वळणार होते. पण १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत नांव, कांहीं, आंत असे अनुस्वार आहेत आणि आपण ते छापल्याप्रमाणेच नोंदवलेत, नोंदवायलाही तसेच हवेत. पण आजचा वाचक "काही" लिहून शोधेल आणि त्याला शून्य येईल. काकांचं झालं तेच. म्हणून शोध दोन पायऱ्यांचा करतेय. आधी अचूक जुळणी. तिच्यात काही आलं नाही तर अनुस्वार सोडून, ऱ्हस्व-दीर्घ एक मानून जुळणी, आणि तसं स्टेटसच्या ओळीत स्पष्ट सांगायचं: "तंतोतंत नाही, पण जवळची नऊ पुस्तकं". या दुसऱ्या पायरीत र्य-ऱ्य एक मानायलाही माझी हरकत नाही, कारण साठवलेलं नाव आता शुद्ध आहे. कराड लिहिलं तर कऱ्हाड मिळावं यासाठी गावांच्या जुन्या-नव्या नावांची जोडयादी मात्र वेगळी लागेल.

याने एक नवीन काम वाढलं. सापडलेला शब्द आपण पिवळा करतो ना, तो आता एक अक्षर पुढे-मागे सरकतोय, कारण शोधाची किल्ली (जुळणीसाठी सोपं केलेलं नाव) आणि दिसणारं नाव यांची लांबी वेगळी. मघाशी कऱ्हाडमधला "ऱ्हा" अर्धाच पिवळा झाला. अक्षरागणिक मोजायला ब्राउझरमध्येच इंटल सेगमेंटर नावाचं साधन आहे, फायरफॉक्समध्येही १२५ व्या आवृत्तीपासून आला. पण कऱ्हाडची अक्षरं किती, यावर ब्राउझरांचं एकमत नाही. युनिकोड १५.१ ने जोडाक्षर मध्ये तोडायचं थांबवलं, म्हणून नव्यात क, ऱ्हा, ड अशी तीन आणि जुन्यात ऱ् वेगळा धरून चार. तेव्हा तुकडा हलंतावर संपत असेल तर पुढच्याला जोडून घ्यायचं, एवढं मी हाताने लिहिणार. रंगासाठी अक्षर फोडायचं नाही, हे पक्कं.

काल रात्री उशीर झाला होता तरी काकांना मेसेज टाकला. सकाळी साडेसहाला त्यांचा आवाजी निरोप आला. मागे एनव्हीडीएचा आवाज: "सतरा पुस्तकं सापडली." मग काका: "अकरावं माझ्यासाठी बाजूला काढून ठेवा."

कोणाला अर्ह, गर्हा, बर्हि या घराण्याबाहेरचा खरा र्ह असलेला मराठी शब्द आठवत असेल तर कळवा. अपवादांच्या यादीत सध्या एवढेच आहेत, आणि रविवारी मी र्ह चा ऱ्ह करायचा नियम लेखकांच्या नावांवरही चालवणार आहे.